मांडीखाली हात

मे सरत आला की आमच्या लेस्टरात सूर्याला घरी जायचं भान राहत नाही. नऊ वाजून जातात, भांडी घासून पालथी पडतात, शेजारचे गृहस्थ अजून बागेत गवत कापत असतात आणि मी देवापुढे काडेपेटी घेऊन उभी. दिवा लावू की थांबू? तिन्हीसांजेला दिवा लावायचा एवढंच लहानपणी शिकवलेलं. ती तिन्हीसांज जेवणं उरकून झोपायच्या वेळेला आली तर काय करायचं, हे शिकवणाऱ्यांना तरी कुठे ठाऊक होतं? इतकी वर्षं झाली, पण माझा गोंधळ काही मिटलेला नाही. शेवटी मी घड्याळाशी तडजोड केली आहे. बरोबर सात वाजता, लख्ख उन्हात दिवा लावते. ज्योत दिसतसुद्धा नाही. लागली की विझली हे पाहायला बोट जवळ न्यावं लागतं. देवाचं चालतं असं दिसतं, अजून तरी तक्रार आलेली नाही.

याच दिवसांत इथे परीक्षा असतात. परवा माझी सोळा वर्षांची नात ईरा जेवणाच्या टेबलावर रंगीत कार्डांचा पसारा मांडून बसली होती. मला म्हणाली, "आजी, मला टेस्ट कर ना." मी कार्ड उचललं, चष्मा पुसला आणि प्रश्न वाचला. शुद्ध रक्त हृदयाच्या कोणत्या बाजूला येतं? ती अडली. मी अक्षरही बोलले नाही. देवाशपथ. पण माझी डावी भुवई आपसूक वर गेली आणि डावा खांदाही तिच्या सोबतीला निघाला.

"लेफ्ट!" ईरा म्हणाली आणि लगेच चिडली. "आजी, तू डोळ्याने सांगतो! दॅट्स चीटिंग!"

रागावली की ईरा मला पुरुष करून टाकते.

"मी कुठे काय बोलले गं?"

"तुझा फेस बोलला."

या चेहऱ्यावर असा आरोप पहिल्यांदा झाला नव्हता. मी कार्डं खाली ठेवली, चहाचं निमित्त करून उठले आणि ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर तेच न संपणारं ऊन होतं, कापलेल्या गवताचा तोच हिरवा वास, आणि मला ती सत्तेचाळीस वर्षांची बाई आठवली, म्हणजे तेव्हाची मीच.

ती बाई आठवली की हल्ली मला हसूच येतं. सलवार-कमीजवर कार्डिगन, पायात पांढरे बूट आणि पाठीवर मुलाने टाकून दिलेली शाळेची सॅक. सॅकमध्ये चार रंगांची पेनं, पट्टी आणि कंपासपेटी. हो, कंपासपेटी! आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा आपापली कामं करायला शिकवण्याचा तो अभ्यासक्रम. त्यात कसलं वर्तुळ काढायचं होतं तिला, कोण जाणे. पण शाळा म्हटलं की कंपासपेटी लागते, अशी तिची समजूत. दुपारच्या सुट्टीत ती कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातली जागा धरायची, वास सुटू नये म्हणून डब्याचं झाकण अर्धंच उघडायची आणि चोरून पोळीभाजी खायची. वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी मात्र येऊन ते झाकण पुरतं उघडायच्या आणि बघता बघता बटाट्याची भाजी फस्त करायच्या. बाई उपाशी आणि खूश.

त्याचं असं झालं. दोन्ही मुलं एकाच सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेली. घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकून "कोण?" म्हणायची. लायब्ररीत एक पत्रक दिसलं. गावातल्या कॉलेजात दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री. आठवड्यातले दोन दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस हॉस्पिटलच्या वॉर्डात काम. पास झालं की थेरपी असिस्टंट. मी पत्रक घरी आणलं आणि आठवडाभर डाळीच्या डब्याखाली लपवून ठेवलं, जणू काही प्रेमपत्रच.

आमचे हे हाडांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे मोडलेले खुबे बसवायचे. पत्रक वाचून म्हणाले, "अगं, पण यात शिकवणार काय तुला?"

"पेशंटने आंघोळ कशी करायची, कपडे कसे घालायचे, चहा कसा करायचा, हे त्याला पुन्हा शिकवायचं."

"ते त्यांना येत नाही का?"

"तुम्ही खुबा बसवल्यावर येत नाही."

यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. आमच्या घरी याला परवानगी म्हणतात.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात कुमुदताईंनी मात्र भर घोळक्यात विचारलं, "चहा करायला शिकायला दोन वर्षं? आणि तेही डॉक्टरांच्या बायकोने?" सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसली. आज माझ्याकडे चांगली पाच-सहा उत्तरं तयार आहेत, पण कुमुदताई मुलीकडे ईलिंगला राहायला गेल्या.

खरं सांगायचं तर बाईचा गोंधळ पहिल्या दिवसापासूनच सुरू झाला होता. लेस्टरच्या जुन्या माणसांना समोरच्याला लाडाने 'मी डक', म्हणजे 'माझं बदक', म्हणायची सवय. वॉर्डात पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तिला तशी हाक मारली आणि ती दिवसभर आपल्या चालण्याकडे बघत राहिली. बदकासारखी चालते की काय मी?

त्याहून मोठा घोटाळा वहीचा. दर आठवड्याला एका वहीत लिहायचं, की वॉर्डात काय घडलं आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं. काय वाटलं! माझ्या सगळ्या शिक्षणात मला काय वाटतं हे कुणीही विचारलेलं नव्हतं. लढाईची कारणं विचारायचे, परिणाम विचारायचे, पण ती लढाई वाचून तुला कसं वाटलं बाळ, असं नाही. तिने आपलं सभ्यपणे लिहिलं, 'मला बरं वाटलं. धन्यवाद.' वही परत आली तेव्हा समासात हिरव्या शाईने दोनच शब्द होते. सो व्हॉट? मग काय! बाईच्या डोळ्यांत पाणी. इतका अपमान सासूबाईंनीसुद्धा केला नव्हता. पुढच्या आठवड्यात कळलं, की वहीत तीनच प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. काय झालं? मग काय? आता काय? बाईने दुसरा प्रश्न सोडला होता, एवढंच. आज विचार करते तर वाटतं, तो दुसरा प्रश्न मी अजूनही सोडूनच देते.

आता त्या स्वयंपाकघराबद्दल सांगते. वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती. तिच्यात ओटा, सिंक, केटल, कपाटं, टोस्टर, खिडकीत लाल फुलांची कुंडी. सगळं कसं घरासारखं, फक्त तिथे कुणी राहायचं नाही. कधी फोडणीचा वास नाही, कधी डाग नाही. बाहुल्यांच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. घरी जायला निघालेल्या पेशंटला तिथे नेऊन सांगायचं, एक कप चहा करून दाखवा. आपण खुर्चीवर बसायचं, पाहायचं आणि लिहायचं. त्याने चहा केला, न सांडता, न भाजता, न विसरता, की तो घरी एकट्याने राहू शकतो. चहावर घर ठरायचं. अगदी तसंच नाही, इतरही बऱ्याच गोष्टी पाहायचे, पण बाईच्या मनाने चहाच धरला होता.

पहिला पेशंट आला तो आजोबांच्या वयाचा. त्यांना आपण वॉल्टर म्हणू. खरी नावं बाहेर सांगायची नाहीत, हा धडा मी मन लावून शिकले आहे. वॉल्टर वॉकर धरून ओट्यापाशी पोचले, थरथरत्या हाताने केटल उचलली, आणि बाई खुर्चीवरून उठली. ठरवून नाही. आपल्याकडे वडीलधारं माणूस कपाला हात लावतंय आणि आपण खुर्चीत बसून बघतोय, असं कधी झालंय का? तिच्या पायांना ते माहीतच नव्हतं. "तुम्ही बसा, बसा," असं तिने इंग्रजीत तीनदा म्हटलं, वॉल्टरना खुर्चीत बसवलं, चहा केला आणि कपाटात बिस्किटं सापडली तीही बशीत मांडली. वॉल्टर तृप्त. फॉर्मवर तिने लिहिलं, 'चहा उत्तम झाला.'

माझी वॉर्डातली गुरू मॉरीन, उंच, किडकिडीत, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली. तिने फॉर्म वाचला.

"शालिनी, चहा केला कुणी?"

"मी."

"म्हणजे घरी कोण जाणार? तू?"

बाईने बिस्किटांची बशी उचलली.

"ते घरी गेले की तू जाणार आहेस का रोज?"

बाईने प्रश्नाचा विचार केला. प्रामाणिकपणे केला. वॉल्टरचं घर आमच्या बसच्या रस्त्यावरच होतं. मॉरीनला बहुधा ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण ती घाईघाईने म्हणाली, "उत्तर देऊ नकोस. पुढच्या वेळी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बस. अंगाखाली दाबून. कळलं?"

कळलं म्हणजे काय, शब्द कळले. पण मदत करायची नाही हे शिकायला दोन वर्षं, हे काही डोक्यात शिरेना. जन्मभर उलटं शिकवलं होतं. दुसऱ्याच्या ताटात काय संपलंय ते त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. कुणी पाणी मागायच्या आत भांडं पुढे गेलं पाहिजे. मागावं लागलं तर त्यात घरातल्या बाईची शोभा काय? आणि इथे एक पेन्सिलवाली सांगतेय, की मागितलं तरी थांब. आधी दहापर्यंत आकडे मोज.

सरावासाठी मी घरीच पेशंट शोधला. लग्नाला तेवीस वर्षं झालेला, हातापायाने धड, शिकलेला आणि आयुष्यात एकदाही चहा न केलेला. इतका आदर्श पेशंट कुठे मिळायचा?

"अहो, चहा करा."

"मी?"

"तुम्हीच. मी फक्त बघणार आहे. मला बोलायची परवानगी नाही."

"मग तर करतोच," असं म्हणून हे उत्साहाने उठले. पातेलं कुठे असतं, इथपासून सुरुवात. तीन कपाटं उघडली. चहाचा डबा समजून ओव्याची बरणी हुंगली. माझे हात मांडीखाली. मी वहीत लिहिलं, 'पेशंटला स्वतःच्या घराची माहिती नाही.' मग त्यांनी आपल्या पद्धतीने पातेल्यात दूध आणि पाणी एकत्र ठेवलं, गॅस मोठा केला आणि खिडकीबाहेर बघत मला इंग्लंडच्या क्रिकेटबद्दल सांगू लागले. दूध वर यायला लागलं. साय फुगली. काठापर्यंत आली. माझे हात खाली, दोन्ही मांड्यांचं वजन वर, आणि ते हात आपले सुटायला बघताहेत. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चारला मी ओट्यापाशी होते, गॅस बंद, पातेलं हातात.

"नापास," हे म्हणाले.

"तुम्ही!"

"मी कसा? दूध कुठे उतू गेलं?"

हे आठवून परवासुद्धा हसत होते. आता रोज सकाळचा चहा तेच करतात. ओवा टाकत नाहीत, म्हणजे सहसा नाही.

आणि मग मे महिन्यात आयव्ही आली. हेही नाव बदललेलं. ऐंशीच्या पुढची, ठेंगणी, पांढऱ्या केसांना रोज कर्लर लावणारी. डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडून तिचा डावा हात मंदावला होता. तो हळूहळू कामाला लागत होता. पण मनातही काहीतरी सैल झालं होतं. कामाच्या माळेतला एखादा मणी निसटायचा. कधी चहाची पिशवीच टाकायची राहायची, कधी केटलचा खटका. बाकी जिभेला काही झालेलं नव्हतं.

तिच्या मुलाने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. आईच्या काळजीने झोप उडालेला माणूस. तिथे बाग फार सुंदर आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"बाग घेऊन काय करू, मी डक?" आयव्ही मला म्हणाली. "मला माझं किचन हवंय. तिथे साठ वर्षं उभी आहे मी. या पोराला तिथेच न्हाऊ घातलंय, सिंकमध्ये. त्याला सांग."

मी काय सांगणार? मी विद्यार्थिनी. पण तिच्या चहाच्या दिवशी माझीही परीक्षा होती. मी आयव्हीला पाहायचं आणि मॉरीनने मला. मॉरीन माझ्या पाठीमागे कोपऱ्यात, मांडीवर कागद. खिडकीतून ऊन आत आलेलं. माझे हात मांडीखाली.

आयव्हीने केटल भरली, उजव्या हाताने, सावकाश. जागेवर ठेवली. कप काढला, पिशवी टाकली, दुधाची बाटली आणली. आणि उभी राहिली. केटलकडे बघत, आधण यायची वाट बघत. खटका दाबलाच नव्हता. मी दहा मोजले. वीस मोजले. केटल गार. आयव्हीच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी चुकतंय हे कळणारी आणि काय ते न सापडणारी. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

हात माझे कुठेही गेले नाहीत. ते इमानदारीने अंगाखाली मुंग्या येऊन पडलेले. पण डोळे! डोळे कशाखाली ठेवणार? ते सरळ भिंतीवरच्या खटक्याकडे गेले आणि तिचे त्यांच्या मागोमाग. खट्. केटल गुरगुरू लागली. चहा झाला. पाठीमागून मॉरीनला माझे हातच दिसत होते. "ब्रिलियंट, शालिनी!" ती म्हणाली. फॉर्मवर तीन चौकोन होते. मदत नाही, बोलून मदत, हात लावून मदत. डोळ्यांचा चौकोन नव्हता. मी पहिल्यावर खूण केली. आयव्हीने मला डोळा मारला. बाई हवेत.

संध्याकाळी, म्हणजे उन्हाने भरलेल्या त्या आठ वाजता, मी ह्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "अहो, डोळ्यांनी सांगितलं तर ती मदत झाली का?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "त्या घरी एकट्याच असणार ना?"

"हो."

"मग तिथे डोळे कुणाचे?"

आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. ह्यांची ही सवय मला तेव्हाही आवडायची नाही आणि आताही आवडत नाही. सुरी आत घालायची आणि टाके न घालता निघून जायचं.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी बागेत उभी होते, आणि अंधार काही पडेना. एकीकडे वाटे, आयव्ही घरी जाणार, आपल्या किचनमध्ये उभी राहणार, यात वाईट काय? दुसरीकडे डोळ्यांपुढे तीच दिसे, केटलपुढे उभी, मान वळवणारी आणि तिथे कुणीही नाही. केटलचं ठीक आहे. पण गॅस? आंघोळीचं गरम पाणी? मी खोटं लिहिलं तर ती घरी जाणार, खरं लिहिलं तर त्या सुंदर बागेत. दोन्हीकडे मीच तिला ढकलणारी. तिला मदत करायचा एकही रस्ता दिसेना.

सकाळी मॉरीनकडे जाऊन पहिल्या चौकोनावरची खूण मी खोडली आणि खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे लिहिलं, 'तिने माझ्याकडे पाहिले. मी खटक्याकडे पाहिले. मग तिने तो दाबला.'

मॉरीनने ते वाचलं. कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "हे मला दिसलं नव्हतं."

"माहीत आहे."

"हिला एकदा आठवण करून द्यावी लागते, एवढंच ना? की सगळं करून द्यावं लागतं?"

"एकदाच. बाकी सगळं तिने केलं."

"मग हेच तर हवं होतं मला," मॉरीन म्हणाली, जरा चिडूनच. "बागेत कोण पाठवतंय तिला? रोज सकाळी अर्धा तास कुणीतरी घरी जाईल. तू कालचा फॉर्म तसाच ठेवला असतास तर कुणीच गेलं नसतं."

पास झाले ते सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव उगीच टांगलेला राहील. मॉरीनने माझी परीक्षा पुन्हा घेतली, एका अंडं उकडणाऱ्या गृहस्थांवर. मी सबंध वेळ छताकडे बघत बसले. मॉरीनने शेरा दिला, 'हात उत्तम. आता पेशंटकडेही पाहावे.' तिसऱ्यांदा जमलं.

पण आयव्हीला माझं ते लिहिणं आवडलं नाही. वॉर्डातून निघताना, कोट घालून व्हीलचेअरमध्ये बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मी निरोप घ्यायला गेले तर म्हणाली, "तूच सांगितलंस, आणि मग तूच लिहून दिलंस?"

मी इंग्रजीत माफी मागितली. इंग्रजीत माफी मागणं फार सोपं असतं, दिवसातून वीसदा मागतो आपण. तिने मान दुसरीकडे फिरवली. त्या दिवशी मी कुणाचीच डक नव्हते.

ईराची आई, म्हणजे माझी सून, हल्ली मला सांगते, "आई, तिला उत्तरं सुचवू नका हं. तिचं तिला येऊ दे." बरोबर आहे तिचं. आणि तीच सून रात्री ईराच्या खोलीत कापलेली सफरचंदं नेऊन ठेवते, साल काढून. सोळा वर्षांच्या मुलीला सफरचंद सोलता येत नाही का? मी विचारत नाही. विचारलं तर उद्या माझ्या ताटात कुणी वाढायचं? मदत नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे दुसऱ्याच्या पायात येते, हे ज्याला कळलं असेल त्याने मला येऊन जरूर सांगावं. दोन वर्षांची डिग्री घेऊन आणि नंतर पंधरा वर्षं तेच काम करून मी इथवरच पोचले आहे.

जूनच्या मध्यावर मॉरीनबरोबर मी आयव्हीच्या घरी गेले. सकाळची मदतनीस सुरू ठेवायची की थांबवायची, ते पाहायचं होतं. आयव्हीला ती नको होती. दारातच तिने सांगून टाकलं, "ती बाई माझे कप चुकीच्या हुकावर टांगते." मॉरीन बाथरूममधला धरायचा दांडा नीट बसलाय का ते बघायला वर गेली. मी आणि आयव्ही किचनमध्ये. चिंचोळं, स्वच्छ, खिडकीत स्वीट पी नावाच्या सुवासिक फुलांचा पेला. सिंक खरोखरच मोठं होतं, बाळ मावेल एवढं.

"चहा घेशील ना? मग बस. तिथे नाही. इथे. भिंतीकडे तोंड करून."

"आयव्ही, मला पाहावं लागतं."

"ते पाहणं माहीत आहे मला. कानांनी पाहा."

मी खुर्ची वळवली. नाकासमोर पिवळा वॉलपेपर, त्यावर फिकट पडलेल्या टोपल्या. हात सवयीने मांडीखाली. मागे नळ सुटला, बंद झाला. केटल जागेवर बसल्याचा आवाज. काठी टेकल्याचा. कप हुकावरून निघाला. फ्रिज उघडला, मिटला. मग शांतता. मी खटक्याची वाट पाहत होते. टोपल्या मोजल्या, एका ओळीत नऊ. काही नाही. शेजारच्या बागेत कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. माझ्या मानेला रग लागली. माझे डोळे वॉलपेपरवर खटका शोधत होते, वेड्यासारखे. मग कपात पाणी ओतल्याचा आवाज आला. चमचा फिरला.

"वळ आता."

तिने कप माझ्यापुढे ठेवला. एक थेंब सांडला नव्हता. चेहरा असा, की मी तसा तिचा चेहरा वॉर्डात कधी पाहिला नव्हता. चहा गार होता. फिकट, दुधाळ, नळाच्या पाण्याचा. चहाची पिशवी वर तरंगत होती, कशी भिजायची ती?

"कसा झालाय?"

"लव्हली," मी म्हणाले आणि तिच्यादेखत सगळा प्यायले. मग कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, सकाळची मदतनीस सुरू ठेवावी.

"दाखव," आयव्ही म्हणाली.

दाखवायचं नसतं असं नाही. तिचाच कागद. तिने चष्मा शोधला, लावला, ओठ हलवत वाचलं. दोनदा वाचलं असावं.

"गार होता?"

"हो."

"लव्हली म्हणालीस."

"खोटं बोलले."

"प्यायलीस मात्र सगळा."

"हो."

ती केटलकडे बघत उभी राहिली. वरून मॉरीनच्या पावलांचा आवाज येत होता. आयव्हीने रिकामा कप माझ्यापुढून उचलला, सिंकमध्ये विसळला, उजव्या हाताने, सावकाश, आणि पुन्हा ओट्यावर ठेवला.

"तोंड फिरव, मी डक," ती म्हणाली. "तो पहिला हिशेबात धरायचा नाही."

मी मुकाट्याने खुर्ची भिंतीकडे वळवली.